आडसाली रुपया

मी खोली बघायला गेलो तेव्हा आण्णांनी मला आधी दोन्ही कोपरांना हलकेच धरलं, उजेडाकडे वळवलं, मग पाठमोरं केलं आणि आत बघून काकींना ओरडून सांगितलं, "सुरू हाय गं! लय झिजल्याला न्हाई. देऊया खोली."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. सांगलीहून साताऱ्यात नुकताच आलेलो, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढायची नोकरी. घरमालक लग्न झालंय का विचारतात, खाणंपिणं विचारतात, रात्री किती वाजता येणार विचारतात, हे माहीत होतं. भाडेकरूची झीज बघणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. राग आला, खोटं कशाला सांगू. पण खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि काकींनी तेवढ्यात चहा आणला, म्हणून गप्प बसलो.

'सुरू' म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. आण्णा साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे शेताशेतांतून फिरायचं, कुणाचा ऊस कसला, कधी लावलेला, तोडीला कधी येणार ते लिहायचं आणि चिठ्ठी फाडून शेतकऱ्याच्या हातात द्यायची. पंचविशीत चिटबॉय म्हणून लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चिटबॉय म्हणूनच घरी आले. घरी येताना कोऱ्या चिठ्ठ्यांची चार पुस्तकं आणि कार्बनचा एक डबा घेऊन आले. कारखान्यानं दिला की त्यांनी उचलला हे मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर माणसं हरिपाठाला बसतात, नाहीतर सकाळी किल्ल्यावर चढतात. आण्णा जुनी नाणी तपासायला लागले. विकणं नाही, घेणं नाही. कुणी शिवराई आणावी, कुणी राणीछाप रुपया आणावा, आण्णांनी तो भिंगाखाली धरून त्याची प्रत ठरवावी आणि चिठ्ठी फाडून द्यावी. कुणीतरी त्यांना नाण्यांच्या प्रतींची इंग्रजी यादी दिली होती. ती त्यांनी परत केली. "बरं, लय बरं, लयच बरं, ह्यात काय कळतंय रं? आपल्या माणसाला ऊस कळतो."

म्हणून त्यांच्या प्रती उसाच्या. अठरा महिने रानात उभा राहून मनगटाएवढा झालेला तो आडसाली. जे नाणं टाकसाळीतून निघालं तसंच्या तसं राहिलं ते आडसाली. त्याच्या खाली पूर्वहंगामी. मग सुरू, म्हणजे चारचौघांसारखं. मग खोडवा, एकदा तोडून गेल्यावर बुडख्यातून पुन्हा आलेला, तसं झिजूनही ओळख राहिलेलं. आणि शेवटी पाचट, नुसता वाळका पाला. पाचट ठरलं की माणसं तोंड पाडून जायची. आण्णा त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे आणि सांगायचे, "वाईट वाटून घिऊ नगा. लय हातांतनं गेलंय बिचारं."

त्यांचे दोन कायदे होते. पहिला, नाणं कडेनं धरायचं. तोंडावर बोट लागलं की आण्णा किंचाळत, "त्वांड धरू नगंस! कडंनं धर, कडंनं!" ही सवय हाडांत इतकी भिनलेली की माणूस भाकरीसुद्धा दोन बोटांनी कडेला धरून उजेडात फिरवून मग मोडायचा. शेजारच्या बारशाला गेलो होतो. बाळ आण्णांच्या हातात द्यायला बाळाची आजी पुढं झाली, तर आण्णा हात पुढं करून तसेच थांबले. बराच वेळ बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ह्याला कड कुठं हाय रं?" शेवटी काकींनी घेतलं बाळ.

दुसरा कायदा, नाणं धुवायचं नाही. घासायचं तर नाहीच नाही. जुन्या धातूवर जो काळसर थर चढतो त्याला आण्णा 'साय' म्हणायचे. "साय धराय शंबर वर्सं लागत्यात आन् ह्या बाया दिवाळीला चिंच घिऊन दोन मिंटात खरवडत्यात." हा कायदा नाण्यांपुरता असता तर ठीक होतं. आण्णांनी तो सगळ्या घराला लावला. तांब्या, समई, पूजेचं ताम्हन, घंघाळ, सगळं काळं. काकी बिचाऱ्या हळदीकुंकवाला बायकांना घरात बोलवत नसत, अंगणातच उरकायच्या. मला म्हणायच्या, "बग की रं, लोकांच्या घरात पितळ कसं झकाकतंय. आन् आमचं बग. चुलीत पडल्यागत." आण्णांना ऐकू जायचं. ते आतून म्हणायचे, "साय हाय ती, साय!"

चिठ्ठी मात्र कडक. नंबर, तारीख, मालकाचं नाव, प्रत, खाली सही. आणि खाली कार्बन. कार्बनशिवाय आण्णांनी कधी चिठ्ठी लिहिली नाही. एकदा मी सहज म्हटलं, "आण्णा, आता तुम्हाला कोण विचारणार आहे? कार्बन कशाला वाया घालवता?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कार्बनबिगर लिवलं म्हंजे माणूस लबाड. आज येक बोलंल, उद्या येक. खालच्या कागदाला जबाब द्यावा लागतो गड्या." इतकी वर्षं शेतकऱ्यांत काढली आणि एकानंही त्यांच्या चिठ्ठीला खोटी म्हटलं नाही, याचा त्या माणसाला फार अभिमान होता. दुसरं काही होतंच कुठं त्यांच्याकडे? घरात मूलबाळ नाही, वरच्या मजल्यावर मी, खाली ही दोघं आणि चिठ्ठ्या.

आडसाली त्यांनी अख्ख्या आयुष्यात तिघांनाच दिलं. एक मेढ्याला, एक पाटणला, एक आटपाडीला. चौथा त्यांच्या घरचा. दाढीवाल्या राजाचा चांदीचा रुपया, काकींच्या आजीनं लग्नात काकींच्या ओटीत घातलेला. आण्णा त्याला 'नमुना' म्हणायचे. तंबाखूच्या डबीत, कापसात ठेवलेला. वर्षातून एकदाच बाहेर निघायचा, लक्ष्मीपूजनाला पाटावर. दुसऱ्या दिवशी पाडव्याला काकींनी ओवाळलं की आण्णा तो उचलून, अर्थात कडेनं, उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "वा! काय तेज हाय! ह्येला म्हनत्यात आडसाली." तेवढं बघितलं की वर्षभर त्यांच्या डोळ्यांपुढं तो रुपया असे आणि बाकी सगळ्या जगातली नाणी त्याच्याशी ताडून बघितली जात.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आण्णांना मोतीबिंदू झालाय हे मला दोनतीन महिन्यांतच कळलं. रस्त्यानं जाताना ते विजेच्या खांबाला 'राम राम पाटील' म्हणाले. खांब काही बोलला नाही तर मला म्हणाले, "लय माजलाय ह्यो हल्ली." त्यांना दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. आण्णांनी वरचं मोठं अक्षर वाचलं. मग खाली बघत राहिले. मी म्हटलं, "वाचा की." तर म्हणाले, "वरची वळ आडसाली. दुसरी सुरू. त्येच्या खालचं समदं पाचट. बदला ह्यो तक्ता, झिजलाय."

मी सांगून दमलो. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलायचे. शेवटी एका दुपारी कहर झाला. एक निवृत्त गुरुजी शिवराई घेऊन आले होते. मी त्यांच्यासाठी सोडा आणला, बाटली उघडली, बूच टेबलावर राहिलं. आण्णांनी ते कडेनं उचललं, वास घेतला, भिंगाखाली फिरवलं आणि चिठ्ठी लिहिली: 'सुरू. कड दातेरी, चांगली राखलेली. मुद्रा झिजली आहे, बहुतेक आदिलशाही.' गुरुजी सज्जन. त्यांनी चिठ्ठी घेतली, बूच रुमालात बांधलं, आण्णांना नमस्कार केला आणि आपली शिवराई तिथंच विसरून गेले.

मग काकींनी मनावर घेतलं. त्यांनी काही आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाल्या, "डोळं करून घेत न्हाई तवर ताटात काय वाडलंय त्ये मी तुमाला सांगायची न्हाई." चार दिवस आण्णांनी दम काढला. वास घेत घेत जेवले. पाचव्या दिवशी गाजराचा हलवा समजून त्यांनी लाल मिरचीच्या ठेच्याचा चमचाभर घास घेतला आणि घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "कुठल्या दवाखान्यात जायचं म्हनतूयस?"

ऑपरेशन गणपतीनंतर झालं. पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं समोर उभे होतो. आण्णांनी डोळे मिचकावले, काकींकडे बघितलं, आणखी जरा बघितलं.

"आगं," ते म्हणाले, "तू कवा म्हातारी झालीस?"

"तुमी चिठ्ठ्या लिवत व्हता तवा," काकी म्हणाल्या.

डॉक्टर हसले, मी हसलो. आण्णा हसले नाहीत.

आठवड्याभरानं त्यांनी गुरुजींची विसरलेली शिवराई भिंगाखाली घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. गुरुजी ती विसरून गेल्यावर त्यांनीच ती पूर्वहंगामी ठरवली होती. आता तिच्यावर घासल्याचे बारीक बारीक ओरखडे त्यांना लख्ख दिसत होते. खोडव्याच्या वर ती जाईना. आण्णांनी भिंग खाली ठेवलं. रात्रभर झोपले नाहीत म्हणे. सकाळी अंगात कोट घालून माझ्या दारात उभे.

"तीन आडसाली चिठ्ठ्या माज्या सहीनं फिरत्यात. खऱ्या हायत का खोट्या मला म्हाईत न्हाई. दिवाळीच्या आत बगून याय पायजे. स्कुटर काड."

"आण्णा, लोकांना आनंद आहे त्यात. राहू द्या ना."

"त्येंचा आनंद त्येंच्यापाशी रं. सही माजी हाय."

असा माणूस! रविवारची माझी एकच सुट्टी, ती घातली मेढ्याच्या घाटात. मेढ्याला ज्या घरी गेलो तिथं आण्णांची चिठ्ठी चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली. एका बाजूला आजोबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला पणजोबांचा, मधे 'आडसाली' आणि तिघांनाही हार. आण्णांनी शिवराई मागून घेतली, खिडकीत नेली. लिंबानं धुतलेली निघाली. आण्णांनी हळू आवाजात सांगितलं की प्रत कमी करावी लागेल. घरातली म्हातारी सूर काढून रडायला लागली. घरधनी म्हणाला, "आण्णा, तुमीच चढवलं, तुमीच उतरवा. आमच्यानं न्हाई व्हायचं." आण्णा स्टुलावर चढले, चौकट उतरवली, 'आडसाली'वर रेघ मारून 'पूर्वहंगामी' लिहिलं, सही केली आणि मग खालच्या प्रतीवरही तेच लिहिलं, कारण जुनं पुस्तक बरोबर आणलेलं. चौकट पुन्हा टांगली. म्हातारीनं डोळे पुसले, नव्या प्रतीला हात जोडले आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पाटणचा मालक सैन्यातून आलेला हवालदार. त्याच्या पणजोबाला पलटणीत मिळालेला राणीछाप रुपया. राणीच्या डोक्याच्या वर डाग देऊन कडी जोडल्याची खूण होती, कधीकाळी कुणीतरी तो हारात ओवला असणार. आण्णांनी सांगितल्यावर हवालदार ताडकन उभा राहिला.

"डिमोशन? इन्क्वायरीबिगर डिमोशन? आसं चालत न्हाई आण्णा."

मग इन्क्वायरी झाली. खरंच झाली. ओसरीवर टेबल मांडलं, मला साक्षीदार केलं. हवालदारानं मला विचारलं की आरोपी रुपयाला मी आधी ओळखत होतो का. मी नाही म्हटलं. आण्णांना विचारलं की पहिल्या वेळी त्यांची नजर शाबूत होती का. आण्णा मान खाली घालून म्हणाले, "न्हवती साहेब." दोन तास गेले. शेवटी हवालदार म्हणाला, "रिटायर झाल्याल्या मानसाची रँक काडता येत न्हाई. ह्यो रुपया रिटायर हाय." आण्णांनाही ते पटलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'आडसाली (निवृत्त). सध्या सुरू.' कार्बनसकट. निघताना हवालदारानं आम्हाला सॅल्यूट ठोकला आणि आण्णांनी चुकून डाव्या हातानं परत केला.

आटपाडीला स्कूटरवर जायला मी साफ नकार दिला. एसटीनं गेलो, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. तिथला मालक वाळलेला, हसरा म्हातारा. विहीर खणताना त्याला शिवराई सापडलेली. "पानी लागलं न्हाई, ही लागली," म्हणाला. त्याच्या शिवराईला भोक होतं, कुणीतरी ते फार सफाईनं बुजवलेलं. मागच्या वेळी आण्णांना दिसलं नव्हतं, आता मलासुद्धा साध्या डोळ्यांनी दिसलं. आण्णांनी पेन काढलं तसा म्हातारा म्हणाला, "आवं आण्णा, आमच्या ह्या रानात ऊस कदी आला न्हाई. समद्या शिवारात आडसाली म्हनून येवढं येकच हाय. त्ये बी न्ह्यायला आलासा व्हय?"

आण्णांचं पेन थांबलं. मी मनात म्हणत होतो, राहू द्या हो, काय बिघडतं? पण त्यांनी लिहिलं. 'सुरू' लिहिलं. म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि रात्री आम्हाला मुक्कामी ठेवून घेऊन सकाळी आमच्याबरोबर पिशवीभर डाळिंबं दिली. एसटीत आण्णांनी ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

पुसेगावला गाडी थांबली तेव्हा मला राहवलं नाही. "आण्णा, नव्या डोळ्यांनी नमुना बघितलात का?"

"नमुना बगायचा नसतो," ते म्हणाले. "नमुन्यावरनं बाकीचं बगायचं." आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडला. ज्याच्याशी ताडून बघितलं तोच खोटा निघाला तर आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांचं काय? कोरेगावपासून साताऱ्यापर्यंत ते पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते.

दुपारी घरी पोचलो. पुढं कुणी नव्हतं. मागं मोरीवर काकी पाठमोऱ्या बसलेल्या. पुढ्यात चिंचेचा कोळ आणि राखेची वाटी, आणि अंगठ्यानं त्या काहीतरी घासत होत्या, जीव लावून. आण्णा दारात उभे राहिले.

"काय करतीयास?"

काकी दचकल्या. ओंजळीत लपवायला गेल्या आणि रुपया टणकन फरशीवर पडला. तोंडावर पडला. आण्णा वाकले. कडेनं उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"किती वर्सं झाली?"

"झाली धाबारा. आदी नुसतं फडक्यानं पुसत व्हते." काकी उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील, पण त्या चिडल्याच. "मग काय करू? लक्ष्मी काळी मांडू पाटावर? आन् आवं, वर्सातनं येकदा, पाडव्याला, ह्येला बगून तुमी 'वा' म्हनायचा. ह्या घरात तुमी दुसऱ्या कशाला 'वा' म्हनलाय सांगा. माज्या आमटीला? माज्या लुगड्याला? माज्या आजीचा रुपया, मी घासला, 'वा' आलं. दर वर्साला वाटायचं औंदा आनिक जरा घासावा."

आण्णा खिडकीत गेले, भिंग लावलं. मीही डोकावलो. राजाची दाढी गेली होती. गाल सपाट झालेला, कान नुसता खुणेपुरता. तेज म्हणून जे होतं ते सगळं चिंचेचं होतं. आण्णांनी पुस्तक ओढलं, कार्बन घातला, लिहिलं: 'पाचट.' सही केली. काकींनी ते बघितलं. मला आण्णांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. अरे, सणासुदीला, घरच्या बाईच्या तोंडावर!

आण्णांनी चिठ्ठी डबीत ठेवली. मग कोट काढून खुंटीला लावला, बाह्या मागं सारल्या, काळा तांब्या उचलला आणि मोरीवर जाऊन बसले.

"चिंच दे," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ती दोघं घासत होती. समई, ताम्हन, घंघाळ, सगळं. मला पाणी ओतायला बसवलं. दिवेलागणीला त्या घरात इतकं पितळ झळकत होतं की शेजारणी चौकशीला आल्या आणि काकींनी त्यांना पहिल्यांदा आत बोलावलं.

पाडव्याला काकींनी आण्णांना ओवाळलं. मी पाहुणा म्हणून समोरच होतो. रुपया पाटावर होता, पण आण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी काकींच्या हनुवटीला दोन बोटं लावली, उजेडाकडे जरा वळवलं आणि खूप वेळ बघून म्हणाले, "वा." मग खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून ओवाळणीच्या तबकात टाकली. काकींनी ती तिथंच वाचली. पदर तोंडाला लावून आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

नंतर मी खोदून खोदून विचारलं, "काकी, प्रत कुठली दिली?" तर म्हणाल्या, "तू चष्मं इक."

आण्णा जाऊन आता वर्ष झालं. त्याआधी त्यांनी मला आणखी तीनदा मेढ्याला नेलं, कारण नमुनाच पाचट निघाल्यावर मेढ्याची शिवराई पुन्हा वर चढते की काय अशी त्यांना शंका आली होती. तो घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. मेढ्याच्या भिंतीवर त्या चौकटीत आता चार रेघा आणि पाच सह्या आहेत, हार मात्र रोज ताजा असतो.

परवा काकींनी चिठ्ठ्यांची पुस्तकं माझ्याकडे दिली, ठेव म्हणाल्या. मी आधी ती दिवाळी काढली. नमुन्याची खालची प्रत होती, 'पाचट', स्वच्छ अक्षरात. तिच्या पुढच्या नंबरची, म्हणजे काकींना दिलेली चिठ्ठी फाडलेली होती आणि तिच्या खालचा कागद कोरा होता. मी तो खिडकीत नेला, तिरपा धरला, भिंग लावून बघितला. पेनाचा वळसुद्धा उठलेला नव्हता. म्हणजे पुस्तकातून आधी फाडून, बाजूला ठेवून लिहिली होती. कार्बन त्यांनी घातलाच नव्हता.